रांगेतले चार ठोसे

सात ठोसे होते. त्यातले तीन माझ्या वहिनीला लागले आणि चार शिल्लक राहिले.

पोलिसांना तीनच दिसले. एक कपाळावर, एक गालफडावर, एक बरगड्यांत. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली होती. मंगळवारी संध्याकाळी सहा वीसला शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा सुवर्णावहिनी स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीखाली पडली होती, आणि माझा भाऊ इंद्रजित तिच्याशेजारी बसून डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात खांद्यातून उपसून काढत होता. उजवा हात यंत्राचा. पट्टे तुटत नव्हते, म्हणून कातडी सोलून निघाली होती. तो एकच वाक्य बोलत होता, "काढा ह्याला, काढा ह्याला."

त्या हाताचं डोकं मी लिहिलंय. मी तेजश्री इंगवले, वय छत्तीस, राहणार कोल्हापूर. स्वभाव विचाराल तर भडक. जीभ विचाराल तर त्याहून वाईट. आणि हे सगळं ज्यानं झालं त्यात त्या जिभेचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

उद्यमनगरात निंबाळकरांची फाउंड्री आहे. खाली लोखंड ओततात आणि वरच्या मजल्यावर 'नवबाहू' नावाचे कृत्रिम हात बनतात. सात वर्षांपूर्वी दादाचा उजवा हात खालच्या प्रेसमध्ये कोपरावर चार बोटांपर्यंत चिरडला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. ती सोडून आले आणि निंबाळकरांना म्हटलं, हाताचं लोखंड तुमचं, आतलं डोकं माझं. पहिला हात दादालाच बसवला.

आता हे डोकं कसं चालतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे.

खांद्यावर एक पट्टी असते. मेंदूनं हाताला दिलेला हुकूम शिरांमधून येतो, तो ही पट्टी टिपते आणि त्याची बारीक पॅकेटं करून हातातल्या छोट्या संगणकाकडं पाठवते. एका सेकंदात हजारेक. 'कोपर वाक', 'मूठ आवळ', 'अजून आवळ', असली. संगणकात सगळ्यात तळाशी जो प्रोग्राम बसतो, यंत्राशी थेट बोलणारा, तो कर्नल. पॅकेट आलं की कर्नलची घंटी वाजते. पण प्रत्येक घंटीला उठून दार उघडत बसला तर तो दुसरं काही करूच शकणार नाही. म्हणून तो आलेलं पॅकेट पटकन रांगेत ठेवतो आणि सवड झाली की रांगेतली पॅकेटं एकामागून एक काढून मोटारींना देतो. रांग प्रमाणाबाहेर वाढली की जगातला कुठलाही शहाणा कर्नल नवी पॅकेटं सरळ टाकून देतो. त्यात काही पाप नसतं. पाठवणारा पुन्हा पाठवतो.

माझ्या पहिल्या कर्नलमध्येही तसंच होतं. मग एक दिवस दादा वितळलेल्या लोखंडाचा पळा धरून उभा असताना रांग भरली आणि 'धरून ठेव'ची पंधरावीस पॅकेटं टाकली गेली. पळा कलला. बाबू मामा म्हणून साचे बनवणारे जुने मोल्डर होते, त्यांच्या पायावर लोखंड पडलं. बूट जळून पायात मिसळला. त्यांचं ओरडणं मी वरच्या मजल्यावर ऐकलं आणि त्याच आठवड्यात कर्नल नव्यानं लिहिला. एकही पॅकेट टाकायचं नाही, हा नियम. बॅटरी संपली, हात बंद पडला, तरी रांग टिकणाऱ्या मेमरीत जशीच्या तशी राहील.

हा नियम मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. आमच्या आबांची मंगळवार पेठेत पिठाची गिरणी होती. बायका डबे आणून रांगेत ठेवायच्या आणि घरी जायच्या. रांगेतला डबा हलवायचा नाही, हा आबांचा कायदा. एकदा नगरसेवकाच्या बायकोनं आपला डबा पुढं सरकवला, तर आबांनी तो उचलून सगळ्यांदेखत परत शेवटी नेऊन ठेवला. लाईट गेली, तरी रांग तशीच. दुसऱ्या दिवशी लाईट आली की त्याच डब्यापासून सुरुवात. "ज्यानं ठेवलाय त्याचं दळण होणारच," म्हणायचे. मी आणि दादा त्या डब्यांमध्ये बसून अभ्यास करायचो. मला तो कायदा जगातला सगळ्यात न्यायाचा कायदा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी निंबाळकरांनी मला बोलावलं. इतर फाउंड्रीही हात घ्यायला लागल्या होत्या, आणि एका ठिकाणी कुणी तरी शिंकला तर त्याच्या हाताचा फटका शेजारच्याच्या जबड्यावर बसला होता.

"कारखान्यात हे झटके बंद पाहिजेत," निंबाळकर म्हणाले. "सावकाश हालचाल चालू दे. झपाट्याची बंद."

मी दोन रांगा केल्या. एक सावकाश हालचालींची, एक झपाट्याची. खांद्यामागं बोटाच्या पेराएवढी खुंटी बसवली. खुंटी आत फिरवली की कारखाना मोड, म्हणजे झपाट्याच्या रांगेचं दार बंद. बाहेर फिरवली की दार उघडं. कामगारानं स्वतः फिरवू नये म्हणून ती मुद्दाम त्याचा हात न पोचेल अशा जागी. सकाळी गेटवर वॉचमन फिरवायचा. संध्याकाळी सुट्टीच्या गर्दीत गेटवर कोण थांबणार? सगळे घरी जायचे आणि घरचं माणूस खुंटी सोडवायचं. आई, बायको, कुणीही. दादा घरी आला की वहिनी त्याच्यासमोर उभी राहायची, उजव्या खांद्यावरून हात मागं न्यायची आणि खुंटी फिरवायची. मी एकदा बघितलं होतं. गळ्यात हात टाकल्यासारखं दिसायचं. मी चेष्टा केली होती, तर वहिनी लाजून म्हणाली होती, "आता यंत्राच्या निमित्तानं तरी मिठी मारू द्या की ओ."

दार बंद करणारा कोड तीन ओळींचा होता. त्यात मी दार बंद केलं. आत थांबलेली पॅकेटं काढून टाकली नाहीत. रांगेतला डबा हलवायचा नाही.

---

सरकारी दवाखान्यात वहिनी तीन दिवस होती. बुधवारी सकाळी अतिदक्षता विभागाबाहेर तिचा भाऊ हणमंत उभा होता. गारगोटीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, एरवी मला ताई-ताई करणारा. मी जवळ गेले आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. दुसरी मारली तेव्हा ओठ फाटला आणि तोंडात रक्ताची चव आली. मी हात वर केला नाही.

"तुझ्या भावानं माझ्या बहिणीला जनावरासारखं मारलं," तो ओरडला. "आणि तू? तुला फोन केलता तिनं! दोनदा! मला सांगितलंय तिनं!"

केला होता. महिन्यापूर्वी वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, खुंटी सोडली की ह्यांचा हात झटके देतोय ओ. काल दोन कप फुटले. परवा मला दंडाला लागलं, काळंनिळं पडलंय." मी काही तरी लिहीत होते. म्हटलं, "स्प्रिंग सैल होते, वहिनी. सवय होईल." दुसऱ्यांदा केला तेव्हा मी उचललासुद्धा नाही.

शुक्रवारी पहाटे वहिनी गेली. आणि दादावरचं कलम खुनाचं झालं.

त्या दुपारी मला लॉकअपमध्ये भेटू दिलं. दादाच्या उजव्या खांद्याला पट्ट्या होत्या आणि बाही रिकामी होती. हात पोलिसांनी सील करून ठेवला होता. दादा माणूस कसा, सांगते. चाळीस वर्षांत वहिनीवर सोडाच, कुत्र्यावर हात उचलला नाही. राग यायचा, कान लाल व्हायचे, आणि तो गिळून टाकायचा. फाउंड्रीत सगळे म्हणायचे, इंद्रजित लई थंड डोक्याचा.

"दादा, हातानं काय केलं? नीट सांग."

"मी मारलं."

"तू मारलंस की हातानं मारलं?"

"हात कुणाचा हाय?" तो भिंतीकडं बघत म्हणाला. "माझ्या मनात आल्याशिवाय तो हलतोय व्हय? तूच सांगितलंवतंस. मनात आल्याबिगर बोटबी हलणार न्हाई म्हणून."

"वहिनीवर राग आला होता तुला?"

"न्हाई."

"मग?"

तो एकदम माझ्याकडं वळला आणि त्याच्या डोळ्यांत काही तरी असं होतं की मी मागं सरकले. "जा तू, तेजा," म्हणाला. "परत येऊ नकोस."

---

प्रत्येक हात आपली नोंद दर मिनिटाला ऑफिसात पाठवतो. शनिवारी दुपारी मी वरच्या मजल्यावर एकटी बसून दादाची मंगळवारची नोंद उघडली. प्रत्येक पॅकेटापुढं दोन वेळा असतात. एक ते रांगेत आलं ती, दुसरी ते मोटारीला दिलं ती. दोहोंत सहसा सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक. त्यामुळं दोन्ही वेळा शेजारीशेजारी लावून बघायची कधी गरजच पडली नव्हती. निदान मला वाटली नव्हती.

सहा वाजून अठरा मिनिटं, खुंटी बाहेर. लगेच दोन बारीक झटके. रांगेत आल्याची वेळ सकाळी नऊ पाच आणि दहा वीस. म्हणजे सकाळी त्यानं माशी हाकलायला हात झटकला असेल, तो संध्याकाळी बाहेर पडला. वहिनीला या झटक्यांची सवय झाली होती. मीच सांगितलं होतं, सवय होईल म्हणून. ती जागची हलली नसणार.

त्यानंतर एक ठोसा. दुसरा. तिसरा. तिन्ही अर्ध्या सेकंदात, कारण साठलेली पॅकेटं मोटारींना सलग मिळाली. माणूस मारताना दोन ठोशांमध्ये श्वास घेतो. इथं तो श्वासच गाळला गेला.

रांगेत आल्याची वेळ सकाळी अकरा बेचाळीस.

 मंगळवारी सकाळी अकरा बेचाळीसला दादाच्या पुढ्यात वहिनी नव्हती. मी होते.

त्या दिवशी खाली एक मोठा साचा बिघडला होता. दादानं लोखंड लवकर ओतलं, साचा फुटला. मी वरून तरातरा खाली गेले आणि तीस माणसांदेखत त्याच्या छातीसमोर उभी राहून सुरू झाले. "हात नवा दिला, डोकं तेच जुनं ठेवलंस! आबांनी तुला गिरणीवर बसवलं असतं, तर पीठसुद्धा जाळलं असतंस!" माणसं हसली. दादाचे कान लाल झाले. त्याचा उजवा खांदा थरथरला, पण हात जागचा हलला नाही. मला ते दिसलं. आणि मी, शहाणी बाई, काय म्हणाले? "मारतोस? मार की! मार! मारूच शकत नाहीस तू. दार मी बंद केलंय."

त्यानं मनात मला सात वेळा मारलं. सातही ठोसे रांगेत जाऊन बसले.

पुरुषांनी दिवसभर बाहेर गिळलेला राग संध्याकाळी घरच्या बाईवर निघतो, यात नवं काय आहे? सगळ्या गल्ल्यांना माहीत आहे. दादा त्यातला नव्हता. त्याचा गिळलेला राग खरोखरच विरून जायचा. मी त्याला असं यंत्र दिलं की राग विरायची सोयच उरली नाही.

मोटारीला दिल्याची वेळ तिसऱ्या ठोशापर्यंतच होती. सहा अठरा, खुंटी आत. वहिनीचा हात अजून खुंटीवरच होता. पडताना ती ओढली गेली की त्या अर्ध्या सेकंदात वहिनीनं मुद्दाम फिरवली, हे मला आयुष्यभर कळणार नाही. दार पुन्हा बंद झालं. पोलिसांच्या सीलबंद पेटीत चार ठोसे अजून रांगेत उभे होते.

चार ठोशांनंतर त्याच झपाट्याच्या रांगेत आणखी एक नोंद होती. वेळ अकरा त्रेचाळीस. ती मी बराच वेळ बघत बसले. मग घड्याळाकडं लक्ष गेलं.

चार चाळीस. पाचला सुट्टी. कोल्हापूर, शिरोली, इचलकरंजी मिळून असे आणखी दोनशे अकरा हात होते. तासाभरात दोनशे अकरा घरांत कुणी तरी खांद्यावरून हात मागं नेणार होतं.

---

निंबाळकर केबिनमध्ये होते. मी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"दुरुस्ती किती वेळाची?"

"दोन ओळी. दार उघडायच्या आधी रांग ओतून टाकायची. आत्ता पाठवते, सगळ्या हातांना दहा मिनिटांत पोचेल."

"पाठव की. पण सोमवारी. नेहमीच्या अपडेटमध्ये. आज तडकाफडकी पाठवलीस, तर सगळ्यांना कळेल आपल्याला माहीत होतं."

"सोमवारपर्यंत दोन संध्याकाळी आहेत, साहेब."

"दोन वर्षांत काय झालं नाही ते दोन दिवसांत होतंय व्हय?" त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ती मंगळवारची नोंद पुसून टाक. कारखाना मोडमध्ये आपला हात मारूच शकत नाही. पंचनाम्यात खुंटी आत लिहिलीय. म्हणजे तुझ्या भावानं दुसऱ्या कशानं तरी मारलं. संपला विषय. तसंही, बहिणीनं भावासाठी दाखवलेली नोंद कोण खरी मानणार?"

मी उभ्याउभ्याच टाइप करायला लागले. त्यांनी टेबलावरून वाकून लॅपटॉपचं झाकण जोरात आपटलं. माझी डाव्या हाताची बोटं आत होती. दोन बोटं मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ते झाकण दाबून धरत होते. दाबून धरत होते आणि मला म्हणत होते, "डोकं थंड ठेव, पोरी."

टेबलावर त्यांच्या फाउंड्रीतल्या पहिल्या ओतकामाचा तुकडा होता, कागदांवर ठेवायला. दीड किलोचा असेल. मी तो उजव्या हातानं उचलला आणि त्यांच्या कानशिलावर मारला. ते खुर्चीसकट मागं पडले. भिंतीवर रक्त उडालं. माझ्या हाताला कसली रांग नव्हती. मनात आलं आणि पोचलं. खोटं बोलत नाही, बरं वाटलं. अजून एक मारावासा वाटला, तो मी गिळला.

दार आतून लावून घेतलं. ते कण्हत होते, म्हणजे जिवंत होते. मी लॅपटॉप उघडला आणि उरलेल्या आठ बोटांनी दोन ओळी लिहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी 'टाकून दे' असं लिहीत होते. दोनशे अकरा रांगा. पाच वाजून सहा मिनिटांनी शेवटच्या हाताची पोच आली. कुणी कुणावर गिळलेला राग, कुणाच्या शिंका, कुणाचे झटके, सगळं मी रस्त्यावर ओतलं. आबा असते तर त्यांनी मला गिरणीबाहेर काढलं असतं.

एका हाताला ते पोचलं नाही. तो पोलिसांच्या पेटीत बंद होता.

मग मी स्वतःच पोलिसांना फोन केला.

---

तपास इन्स्पेक्टर मगदूम बाईंकडं होता. उंच, कमी बोलणाऱ्या बाई. माझ्या बोटांना पट्टी बांधून घेईपर्यंत त्या थांबल्या, मग निंबाळकरांवरच्या हल्ल्याबद्दल माझा जबाब घेतला, आणि शेवटी म्हणाल्या, "आता भावाचं बोला."

मी बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमची नोंद कोर्टात टिकणार नाही. नोंद ठेवणाऱ्या तुम्ही, आरोपी तुमचा भाऊ."

"मग हातालाच विचारा. तो उघडा, सगळ्यांसमोर. त्याआधी मी एका पाकिटात लिहून देते, तो काय करेल. वेळ, क्रम, दिशा. पाकीट तुम्ही सील करा."

"आणि हे सिद्ध झालं, तर तुमच्यावर काय येईल माहिती आहे का? तुमच्या निष्काळजीपणानं एक बाई मेली, असं होईल."

"तसंच झालंय, मॅडम."

 मग त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला.

---

अठरा दिवसांनी, सकाळी साडेदहाला, पोलिसांच्या प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये सगळे जमलो. मॅजिस्ट्रेट साहेब, मगदूम बाई, दोन तज्ज्ञ, डोक्याला पट्टी बांधलेले निंबाळकर आणि त्यांचा वकील. हणमंत भिंतीला टेकून उभा होता. दादाला डाव्या मनगटात बेडी घालून आणलं होतं, दुसरं टोक शिपायाच्या हातात. तो माझ्याकडं बघत नव्हता.

हात एका लोखंडी खांबाला खांद्याच्या उंचीवर आवळला होता. बोटांच्या फटींत अजून काळं वाळलेलं रक्त होतं. ते पुसायचं नाही, असा हुकूम होता. समोर, माणूस उभा राहील त्या अंतरावर, पंचवीस किलो गव्हाच्या पिठाचं पोतं टांगलं होतं. पोतं मी मागितलं होतं. तज्ज्ञांनी वाळूचं सुचवलं, मी पिठाचंच म्हटलं. का, ते विचारू नका.

मॅजिस्ट्रेटनी पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. "खुंटी बाहेर फिरवल्यावर हात चार ठोसे मारील. दिशा सरळ समोर, छातीच्या उंचीवर. त्यानंतर मूठ उघडेल." ते थांबले. "पुढंही काही लिहिलंय. तळवा वर करून हात खाली डावीकडं जाईल, जमिनीपासून सुमारे दीड फुटावर. तिथं थांबेल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे काय आहे?"

"अकरा त्रेचाळीसची नोंद आहे, साहेब. आधी बघा, मग सांगते."

निंबाळकरांचा वकील हसला. "कारखाना मोडमधला हात. बॅटरी अठरा दिवस काढलेली. काय हलणार?"

तज्ज्ञानं बॅटरी बसवली. हिरवा दिवा लागला. हात शांत. मगदूम बाईंनी लांब दांडीच्या चिमट्यानं खुंटी धरली आणि बाहेर फिरवली.

पहिला ठोसा कुणाला दिसलाच नाही, फक्त आवाज आला. दुसऱ्यानं पोतं फाटलं. तिसऱ्याला खांब मुळापासून हलला आणि चौथा फाटलेल्या पोत्यातून आरपार गेला. अर्धा सेकंद. शेडभर पीठ उडालं, वकिलाच्या काळ्या कोटावर, मॅजिस्ट्रेटच्या कागदांवर. कुणी तरी किंचाळलं. मला वाटतं हणमंत. तो दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला होता. त्याला त्याची बहीण दिसली असणार. मला मी दिसले. त्या उंचीवर, त्या जागी, तोंड चालवत उभी असलेली मी.

मग मूठ उघडली.

पिठात माखलेली लोखंडी बोटं एकेक करून सुटली. हात खाली आला, डावीकडं वळला, तळवा आकाशाकडं झाला आणि जमिनीपासून दीड फुटावर येऊन थांबला. कुणाला तरी उठवायला वाकावं तसा. पुन्हा हलला नाही. रांगेत आता काहीच उरलं नव्हतं.

 मॅजिस्ट्रेटनी मला खूण केली.

"त्या दिवशी त्याला वाटेल तसं बोलून झाल्यावर मी वळले, साहेब," मी म्हटलं. "खाली साच्याची वाळू सांडली होती. पाय घसरला. मी गुडघ्यावर पडले, त्याच्या डाव्या बाजूला. तीस माणसं हसली. हा नुसता उभा राहिला दगडासारखा. मी आपली आपण उठले आणि त्याला म्हटलं, 'सख्खा भाऊ असून हातसुद्धा दिला नाहीस.' एवढं बोलून वर निघून गेले."

"मी दिलावता," दादा म्हणाला.

लॉकअपमधल्या भेटीनंतर तो पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता. बेडी ताणून तो एक पाऊल पुढं आला होता आणि त्या उघड्या तळव्याकडं बघत होता.

"मारायचं मनात आलं, ते खरं. लई आलं. पण तू पडलीस तवा म्या झटकन हात दिलावता, तेजा. त्यो हललाच न्हाई."

मी पुढं गेले. तज्ज्ञ म्हणाला, "मॅडम, हात लावू नका, पुरावा आहे," पण मगदूम बाईंनी त्याला थांबवलं. मी पिठात गुडघ्यावर बसले, त्या दिवशी पडले होते तशी. वहिनीचं रक्त वाळलेल्या त्या बोटांत माझी मोडकी बोटं ठेवली, आणि हणमंतच्या समोर, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं रडले.